‘बॉक्स गेला’ म्हणण्याआधी

ऑटोमॅटिक गाडी झटके द्यायला लागली की आमच्या भागात सगळ्यात आधी कानावर येतं ते ‘बॉक्स गेला’, म्हणजे गिअरबॉक्स निकामी झाला. कोणी खर्च दीड लाख सांगतो, कोणी दोन. गाडीवाला घाबरतो आणि चांगली गाडी मातीमोल भावात विकून मोकळा होतो. असे सौदे मी डोळ्यांदेखत झालेले पाहिले आहेत आणि दर वेळी जीव तुटतो, कारण त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा बॉक्स गेलेला नव्हताच.

वडकीजवळ, नागपूर-हैदराबाद हायवेला लागून माझं गॅरेज आहे. आयटीआय करून आलो तेव्हा ट्रॅक्टर, जीप, पिकअप हेच काम होतं. दोन पेडलच्या गाड्या नंतर आल्या. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत एएमटी, म्हणजे साध्या गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर आपोआप चालवायची सोय, दिली आणि ऑटोमॅटिक गाडी साध्या माणसाच्या आवाक्यात आली. दुसरं म्हणजे पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली पोरं नवी गाडी घेतली की जुनी गावी वडिलांकडे पाठवतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला क्लच दाबायचा नाही म्हणजे केवढं सुख! गाडी गावात येते, पण तिचं पाहणारा माणूस शंभर किलोमीटरच्या वर, नागपुरात. म्हणून मी हे काम पुस्तकं वाचून, मीटर लावून, जाणत्यांना विचारून शिकत गेलो.

हे गुरुजींच्या गाडीबद्दल आहे. राळेगावकडचे निवृत्त हेडमास्तर, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मुलाने दिलेली पेट्रोल सेडान, चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनाची ताकद तेलातून बॉक्सला देणारी) ऑटोमॅटिक. गाडी नव्वद हजार किलोमीटरच्या पुढे गेलेली. एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपने त्यांना कागद दिला होता. त्यावर एक कोड लिहिलेला, पी०७००, आणि खाली ‘गिअरबॉक्स ओव्हरहॉल’. आकडा एक लाखाच्या वर.

फोनवर त्यांचा पुतण्या म्हणाला, “दादा, ट्रॅक्टरले बांधून आणून देतो.” मी जोरातच नाही म्हणालो. या बॉक्समधला तेलाचा पंप इंजिनवर फिरतो. इंजिन बंद आणि पुढची चाकं रस्त्यावर फिरत राहिली, तर आत सगळं कोरडं घासतं. चार-पाच किलोमीटर ओढलेली गाडी घरी पोहोचते, पण बिघाड नसलेल्या बॉक्समध्ये बिघाड घेऊन पोहोचते. ओढायचीच असेल तर पुढची चाकं उचलून, नाहीतर सरळ फ्लॅटबेडवर, म्हणजे अख्खी गाडी वर घेणाऱ्या ट्रकवर. गाडी चालत होती, म्हणून सकाळच्या गारव्यात सावकाश चालवत आणा म्हटलं.

फेब्रुवारी सरत आला होता. गुरुजी आले, चहा सांगितला आणि मी विचारायला बसलो. माझ्याकडचा पोरगा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचायचं मशीन, हातात घेऊन उभाच होता.

“दादा, मशीन लावू का?”

“थांब. आधी ऐकू दे.”

मशीन काय झालं ते सांगते, कधी झालं ते माणूस सांगतो. थंड असताना होतं की गरम झाल्यावर? डीमध्ये (पुढे जाताना) की आरमध्येही (मागे घेताना)? चढावर की सपाटीला? पाऊस झाला, गाडी धुतली, बॅटरी बदलली, त्यानंतर सुरू झालं का? ब्रेक मारताना की वेग धरल्यावर?

गुरुजींनी अगदी वर्गात सांगावं तसं मुद्देसूद सांगितलं. “घरून निघालो का कळंबपर्यंत काही म्हणता काही होत नाही. चिंतामणीचं दर्शन घेतलं, परत निघालो, ऊन चढलं का मंग साठ-सत्तरच्या वेगात गाडी थरथरते. बारीक, जशी खडबडीत रस्त्यावर चालून राहिली. हे एक. आन् दुसरं म्हणजे, कधी कधी एकदम धाडकन झटका बसते, लाइट लागते, अन् मंग ते उचलतच नाही. थांबलो, बंद केली, अर्ध्या तासाने चालू केली का पुन्हा छान.”

‘हे एक आन् दुसरं’ असं त्यांनी वेगळं सांगितलं, ते माझ्या फार कामी आलं. एका गाडीत दोन दुखणी असली की माणसं ती एकत्र करून सांगतात, मिस्त्रीही एकच कारण शोधत बसतो आणि शेवटी कंटाळून बॉक्सवर खापर फुटतं. मी वहीत दोन रकाने केले. एकात ‘थरथर’, दुसऱ्यात ‘झटका आणि उचलत नाही’.

दुसऱ्या रकान्यातली लक्षणं ओळखीची होती. बॉक्सच्या कॉम्प्युटरला काही खटकलं की तो सोलेनॉइडचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचा, पुरवठा तोडतो आणि गाडी एकाच गिअरवर अडकवून ठेवतो, बहुतेक चार गिअरच्या बॉक्समध्ये तिसऱ्यावर. गाडी घरी पोहोचावी, पण बॉक्सला इजा होऊ नये, यासाठी ही सोय. तिसऱ्यावरून उचलायचं म्हटल्यावर गाडी जड लागणारच. बंद करून पुन्हा चालू केली की कॉम्प्युटर नव्याने तपासतो, सगळं ठीक दिसलं तर सोडून देतो. म्हणजे बिघाड येऊन-जाऊन होता. क्लच प्लेट जळाली असती तर ती अर्ध्या तासात बरी झाली नसती.

मग बॅटरी. ऑटोमॅटिकच्या तपासणीत बॅटरीला मी पहिला मान देतो, कारण कॉम्प्युटर आणि सोलेनॉइड व्होल्टेजवर जगतात. कमी व्होल्टेजला ते वेड्यासारखे वागतात आणि दोष गिअरला लागतो. उभ्या गाडीत १२.५ व्होल्ट, इंजिन चालू करून १४.१. अर्थिंगही पाहिलं. हेडलाइट लावून, मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं बॉक्सच्या अंगाला. तिथे ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजली समजायचं. इथे ०.०५ आलं. बॅटरी आणि अर्थिंग यादीतून बाद.

तेल पाहण्यासाठी गाडी गरम करायची होती, म्हणून इंजिन चालू ठेवून मी पुढे येऊन रेडिएटर पाहिला. या गाडीत बॉक्सचं तेल रेडिएटरच्या खालच्या टाकीतून फिरून थंड होतं. समोरून जाळी स्वच्छ दिसत होती. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारला आणि पाहतच राहिलो. कापसाची रुई, गवताची कुसळं आणि धूळ यांचा करड्या रंगाचा नमदा तयार झालेला, तळहाताएवढ्या पट्ट्यात नाही, खालच्या अर्ध्या भागभर. बोटाने ओढला तर तुकडा निघाला आणि त्यात सरकीची सालं होती.

“गुरुजी, गाडी कुठे लावता?”

“कापसाच्या खोलीच्या बाजूले. तिथंच सावली हाय.”

विदर्भात हे दुखणं मी वारंवार पाहतो. दिवाळीपासून मार्चपर्यंत जिनिंगसमोरच्या रस्त्यावर रुई उडत असते, कापसाच्या गाड्यांच्या मागे चालताना तीच आत ओढली जाते. इंजिनाचं तापमान काट्यावर दिसतं, बॉक्सच्या तेलाचं बहुतेक गाड्यांत दिसतच नाही. काटा मध्यावर असतानाही तेल आतमध्ये तापलेलं असू शकतं. गुरुजींच्या गाडीत काटा मध्यावरच होता. वहीत दोन्ही रकान्यांच्या मधोमध लिहिलं, ‘उष्णता’.

तेल तपासायची रीत सांगतो, कारण ती चुकली तर पुढचं सगळं चुकतं. गाडी सपाट जागी, तेल चांगलं गरम, इंजिन चालू, ब्रेक दाबून लिव्हर पीपासून (पार्किंग) खालपर्यंत प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत न्यायचा, परत पीमध्ये आणायचा, मग पट्टी काढून पुसायची आणि पुन्हा घालून वाचायची. इंजिन ऑइल बंद गाडीत पाहतात, तसं हे पाहिलं तर पातळी भलतीच जास्त दिसते. बऱ्याच नव्या गाड्यांत पट्टीच नसते, तिथे खालच्या प्लगने ठरलेल्या तापमानाला पातळी पाहावी लागते. गुरुजींच्या गाडीला पट्टी होती.

पातळी बरोबर निघाली. रंग गेलेला. नवं तेल लाल असतं, हे गडद तपकिरी होतं. पांढऱ्या टिश्यूवर थेंब टाकला. मधला डाग आणि कडेचं वलय पाहिलं, काळे कण नव्हते. नाकाजवळ धरलं. जळकट, करपल्यासारखा वास येतो तेव्हा मी मान्य करतो की आत क्लच जळाले आहेत. इथे जुन्या तेलाचा वास होता, जळाल्याचा नव्हता. दुधासारखा रंगही नव्हता, नाहीतर रेडिएटरच्या आतून कूलंट तेलात मिसळतंय असा अर्थ झाला असता, आणि ते बॉक्ससाठी फार वाईट.

आता पोराला म्हटलं, लाव मशीन.

आधी त्याचं स्वस्तातलं ब्लूटूथवालं लावलं. पी०७००. शहरातल्या कागदावरचाच. हा कोड बॉक्स खराब झाल्याचं सांगतच नाही. इंजिनाचा कॉम्प्युटर फक्त एवढंच म्हणतो की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे तक्रार नोंदवलेली आहे, त्याला विचारा. त्या कोडवर लाखाचा अंदाज लिहिणं म्हणजे दवाखान्याच्या दारावरची पाटी वाचून ऑपरेशन ठरवणं. मोठा स्कॅनर लावून बॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलो तेव्हा खरा कोड मिळाला, पी०७२०. आउटपुट स्पीड सेन्सरचं, म्हणजे बॉक्समधून निघणारा वेग मोजणाऱ्या सेन्सरचं, सर्किट.

पोरगा खूश. “सेन्सर बदलून टाकू.”

मी त्याला कोडमधला ‘सर्किट’ हा भाग पुन्हा वाचायला लावला. सर्किटमध्ये सेन्सर येतो, त्याची वायर येते, मधले कनेक्टर येतात आणि कॉम्प्युटरही येतो. सेन्सर मागवून बसवला, झटका तसाच राहिला, तर पैसे गुरुजींचे गेले. पेन्शनीतले.

त्याआधी मला बॉक्सच्या आतल्या क्लचची खात्री हवी होती. सेन्सरचा दोष सापडला म्हणजे आत सगळं ठीक आहे असं होत नाही. उभ्या गाडीत दोन तपासण्या करतात. पहिली वेळेची. ब्रेक दाबून एनमधून (न्यूट्रल) डीमध्ये टाकायचं आणि गिअर लागल्याचा हलका धक्का जाणवेपर्यंतचा वेळ मोजायचा. साधारण १.२ सेकंदाच्या आत हवा. एनमधून आरमध्ये १.५ सेकंदाच्या आत. प्रत्येक मोजणीच्या मध्ये मिनिटभर थांबून सरासरी काढायची. मोबाइलच्या घड्याळावर पोराने मोजलं, दोन्ही आत होते. वेळ जास्त लागला तर तेलाचा दाब कमी आहे किंवा क्लच झिजलेत.

दुसरी स्टॉल टेस्ट. ही मी सगळ्या गाड्यांवर करत नाही आणि नवख्याने करूच नये. चारही चाकांना ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला, समोरून-मागून सगळ्यांना बाजूला काढलं. गुरुजींनाही टपरीवर बसवलं. डाव्या पायाने ब्रेक पूर्ण दाबून, डीमध्ये टाकून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, आरपीएम कुठे थांबतो ते वाचायचं आणि सोडायचं. पाच सेकंदांच्या वर एक क्षणही नाही, कारण इंजिनाची सगळी ताकद त्या वेळी तेल तापवण्यात जाते. नंतर एनमध्ये मिनिटभर तरी चालू ठेवून तेल निवू द्यायचं. आरपीएम पुस्तकातल्या आकड्याच्या बराच वर गेला तर क्लच घसरतात. खाली राहिला तर इंजिन अशक्त आहे किंवा टॉर्क कन्व्हर्टरच्या आतला एकाच दिशेला फिरणारा क्लच सैल झालाय. गुरुजींची गाडी २,४००च्या आसपास थांबली, पुस्तकात दिलेल्या हद्दीत. आरमध्येही तेच.

त्या क्षणी मी टपरीवर जाऊन गुरुजींना सांगितलं, “बॉक्स गेला नाही तुमचा.” ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला आणि अजून एक चहा सांगितला.

दुपारी ऊन चढू दिलं आणि मुद्दाम गरम गाडी हायवेवर काढली. पोरगा बाजूला स्कॅनर घेऊन, मी चालवत. स्क्रीनवर चार आकडे ठेवले होते: इंजिनाचा आरपीएम, बॉक्समध्ये शिरणारा वेग, बॉक्समधून निघणारा वेग आणि तेलाचं तापमान. ऑटोमॅटिक तपासताना या चार आकड्यांइतकं सरळ बोलणारं दुसरं काही नाही. शिरणाऱ्या वेगाला निघणाऱ्या वेगाने भागलं की गिअरचं गुणोत्तर मिळतं. सत्तरच्या वेगात चौथ्या गिअरला पोराने वाचलं, शिरणारा १,९६०, निघणारा २,८००. भागाकार ०.७०, पुस्तकातला चौथा गिअर बरोबर तेवढाच. क्लच घसरत असता तर हा भागाकार हलला असता.

तेल मात्र ११२ अंशांवर गेलं होतं आणि चढतच होतं. सपाट हायवेवर ऐंशी-नव्वदच्या घरात ते स्थिरावायला हवं. आणि आली, थरथर. गुरुजींनी सांगितली तशीच बारीक. या वेगाला कन्व्हर्टरच्या आत लॉक-अप क्लच लागतो, इंजिन आणि बॉक्स एकजीव होऊन फिरतात, दोन्ही आकडे सारखे दिसले पाहिजेत. ते पन्नास-साठ आरपीएमने मागेपुढे नाचत होते. मी अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला फक्त स्पर्श केला, ब्रेकचा दिवा लागेल एवढाच. लॉक-अप सुटला, थरथर त्याच क्षणी थांबली. पाय काढला, लॉक-अप पुन्हा लागला, थरथर परत. इंजिनाचा स्पार्क प्लग किंवा कॉइल मिसफायर करत असती तर ब्रेकला हात लावून न लावून फरक पडला नसता. पहिल्या रकान्याचं उत्तर मिळालं: तापून निकामी झालेलं तेल, त्याच्यामुळे लॉक-अप क्लच नीट पकडत नाही.

परतताना पोहणा गावाच्या बाजूला एका खड्ड्यावर गाडी दचकली आणि निघणाऱ्या वेगाचा आकडा शून्य झाला. चाकं फिरतायत, गाडी साठच्या वेगात आहे आणि कॉम्प्युटरला दिसतंय की बॉक्समधून काहीच बाहेर येत नाही. धाडकन झटका, लाइट, तिसरा गिअर. शिरणाऱ्या वेगाची रेघ शेवटपर्यंत गुळगुळीत होती, निघणाऱ्याची रेघ चाकूने कापावी तशी तुटली होती.

गॅरेजमध्ये येऊन सेन्सर काढला. दोन वायरचा, आत तांब्याचं वेटोळं. मीटरवर ५६० ओहम. पण बिघाड गरम झाल्यावर येतो, तर मोजायचंही गरम करूनच. टपरीवरून गंजभर उकळतं पाणी आणलं, सेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्यात सोडला आणि मीटर लावून ठेवलं. आकडा हळूहळू चढत ६९० वर गेला आणि थांबला. तांबं गरम झालं की त्याचा रोध वाढतोच, अडीच अंशाला साधारण एक टक्का, त्या हिशेबाने हे बरोबर होतं. कुठेही तुटला नाही, उडी मारली नाही. सेन्सर शाबूत. पोरगा माझ्याकडे पाहून हसला.

सेन्सर बसवून कनेक्टर जोडला आणि आता तेच सर्किट दुसऱ्या टोकाकडून, कॉम्प्युटरच्या प्लगमधून मोजलं. इथेही ५६० यायला हवेत. आले. मीटरवर पोराला बसवून मी वायरिंगचा जुडगा वीतभर-वीतभर हलवत निघालो. बॉक्सपाशी काही नाही. ब्रॅकेटपाशी काही नाही. बॅटरीच्या ट्रेखाली हात गेला आणि पोरगा ओरडला, “गेलं! आलं. गेलं!”

ट्रे काढला. खाली उंदराची लेंडी, शेंगांची टरफलं, आणि जुडग्यावर काळी टेप गुंडाळलेली. टेप सोडवली. कधीतरी उंदराने वायर कुरतडली होती आणि कोणीतरी दोन्ही टोकं नुसती पिळून टेप मारली होती. टेपच्या आत तांबं हिरवं झालेलं, चार-पाच तारा उरलेल्या, बाकी भुगा. थंड असताना त्या तारा टेकत होत्या. इंजिनाच्या उष्णतेने टेपचा गोंद पातळ झाला, गाडी दचकली की सुटत होत्या.

जोड दुरुस्त करायला फार वेळ लागला नाही, पण तो नीट करावा लागतो. हिरवं तांबं सगळं कापून टाकलं, सारख्याच जाडीची नवी वायर मध्ये घातली, क्रिम्पचे जोड दाबले, वर आतून गोंद असलेली, गरम केली की आवळणारी हीट-श्रिंक नळी चढवली. या सेन्सरच्या दोन वायरी एकमेकींना पिळ दिलेल्या असतात, बाहेरचा विजेचा गोंधळ आत शिरू नये म्हणून. तो पीळ परत दिला. दोन्ही जोड समोरासमोर न ठेवता मागेपुढे ठेवले. जुडगा नव्या नळीत घालून ट्रेपासून दूर बांधला.

मग रेडिएटर. कंडेन्सर सैल करून पुढे ओढला, नमदा हाताने काढला, उरलेलं आतून बाहेरच्या दिशेने पाण्याने, पंप दूर धरून. जवळून प्रेशर मारलं की पत्र्याच्या बारीक पट्ट्या आडव्या होतात आणि वाट कायमची बंद होते.

तेलाबद्दल गुरुजींशी थोडं बोलावं लागलं. त्यांना कोणी सांगितलं होतं की जुन्या बॉक्समध्ये नवं तेल टाकलं की बॉक्स बसतो. ही भीती उगाच पसरलेली नाही. ज्याचे क्लच आधीच जळालेत, त्यात नवं तेल टाकल्यावर तो बंद पडतो आणि नाव तेलाचं होतं. म्हणूनच आधी वास, वेळ, स्टॉल, भागाकार हे सगळं पाहायचं. गुरुजींच्या बॉक्सने त्या सगळ्यात हो म्हटलं होतं. तेल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच नागपूरहून मागवलं, ट्रॅव्हल्सच्या गाडीने डबे आले. इथल्या दुकानात ‘लाल तेल सगळं एकच’ म्हणून स्टिअरिंगचं तेल हातात ठेवतात, ते घालू नका. सीव्हीटीच्या (गिअरऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकच्या) गाडीत तर अजिबात नाही, तिचं तेलच निराळं.

तेलाचा खालचा प्लग काढला, निघालेलं तेल मापाच्या डब्यात धरलं, तीन लिटरला थोडं कमी. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं, त्याला खालून वाट नाही. म्हणून एकदा बदललं की तेल जेमतेम अर्धं नवं होतं. जेवढं निघालं तेवढंच भरलं, गरम करून पट्टीवर पाहिलं. प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा लेप होता, बोटांत चोळला तर खरखर लागली नाही. नव्वद हजार चाललेल्या बॉक्समध्ये तेवढा असणारच. चकाकणारे तुकडे असते तर मी तिथेच हात थांबवला असता.

कोड पुसून पुन्हा दुपारच्या उन्हात हायवेवर गेलो. तेल ९१ अंशांवर थांबलं. निघणाऱ्या वेगाची रेघ खड्ड्यांवरूनही अखंड राहिली. थरथर पुष्कळ कमी झाली, पण पूर्ण गेली नाही, आणि ते मी गुरुजींना स्पष्ट सांगितलं. काहीशे किलोमीटर चालवून पुन्हा तेवढंच तेल बदललं, तेव्हा ती गेली. गाडी आता कापसाच्या खोलीपासून आणि ढेपीच्या पोत्यांपासून लांब, चिंचेखाली उभी असते.

सगळ्याच गाड्या अशा निघत नाहीत. करंजीकडून एकाचा फोन आला होता, लिव्हर पीमधून हलतच नाही. मी विचारलं, ब्रेक दाबल्यावर मागचे लाल दिवे लागतात का? बायकोने मागे जाऊन पाहिलं, लागत नव्हते. ब्रेकचा स्विच मेला की कॉम्प्युटरला ब्रेक दाबलाय हे कळत नाही आणि लिव्हरची कडी सुटत नाही. लिव्हरजवळचं छोटं झाकण काढून आतली कडी दाबायला सांगितली आणि गाडी माझ्यापर्यंत आली. एएमटीच्या गाड्यांत वेगळंच असतं. तिथे आत साधाच गिअरबॉक्स आणि साधी क्लच प्लेट, ती दाबायचं काम मोटर किंवा तेलाच्या दाबावरचा अ‍ॅक्च्युएटर करतो. बाजाराच्या दिवशी गर्दीत इंच-इंच सरकवलेल्या एएमटीची क्लच प्लेट झिजते, आणि प्लेट बदलल्यावर स्कॅनरने नवा पकडबिंदू शिकवला नाही तर नवी प्लेटही धक्के देते.

आणि गेल्या पावसाळ्यात एक गाडी आली, तिचा बॉक्स खरोखर उघडावा लागला. आरमध्ये टाकल्यावर धक्का जाणवायला तीन सेकंदांच्या वर, स्टॉलला आरपीएम हद्द सोडून वर धावला, पट्टीला करपलेला वास आणि चुंबकावर चमकणारे काप. मी तेलाला हात लावला नाही. ती फ्लॅटबेडवर नागपूरला पाठवली आणि सोबत एक कागद दिला: बॅटरी आणि अर्थिंगचे व्होल्ट, तेलाचा रंग-वास, एन ते डी आणि एन ते आरचे सेकंद, दोन्ही बाजूंचा स्टॉल आरपीएम, प्रत्येक गिअरचा भागाकार, दोन्ही कॉम्प्युटरमधले कोड, आणि सगळ्यात वर गाडीवाल्याच्या शब्दांत कधी काय होतं ते. तिथल्या मिस्त्रीने तो वाचून फोन केला आणि विचारलं, रिव्हर्सचा क्लच पॅक मागवून ठेवू ना? मी म्हटलं, मागवा.